पडक्या घराचा धनी कोण?

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या सभेत वक्त्याने पूर्वजांचे उपकार स्मरावे, वडीलधाऱ्यांचे गुण गावे, ही रीत आहे; आणि ते काम माझ्या आधी बोललेल्या मंडळींनी माझ्याहून चांगले केले आहे. मजकडे जो विषय आला तो प्रथमदर्शनी या मंगल प्रसंगी अप्रस्तुत वाटेल. पडकी घरे, ओस वाडे, उकिरडा झालेल्या मोकळ्या जागा आणि त्यांविषयीचे कायदे, असा तो विषय आहे. तथापि ज्युबिली हा शब्द मुळात कोठून आला हे ध्यानी घेतले म्हणजे अप्रस्तुतपणाचा आरोप बराचसा दूर होतो.

जुन्या करारातील लेवीय नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्युबिलीचा नियम सांगितला आहे. दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकावे आणि अडचणीपायी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, असा तो नियम. त्यातच घरांविषयीही कलमे आहेत. तट असलेल्या नगरातील घर विकले तर ते वर्षाच्या आत सोडवून घ्यावे लागे, एरव्ही ते घेणाऱ्याचे कायमचे होई. पण तट नसलेल्या खेड्यातील घर शेताप्रमाणेच गणले जाऊन ज्युबिलीच्या वर्षी मूळ धन्याकडे परत येई. म्हणजे ज्युबिली हा जसा आनंदाचा सण, तसाच तो मालमत्तेचा कायदाही होता. प्रत्येक घराला ओळखीचा एक धनी असावा, हा त्या कायद्याचा पाया होता.

त्याच पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात चट्टे पडलेल्या, रोगट झालेल्या घराचा नियम आहे. धन्याने होऊन याजकाला कळवावे. याजकाने घर रिकामे करवून तपासावे. सात दिवस ते बंद ठेवावे. दोष पसरला असेल तर तेवढे दगड काढून नवे बसवावे, भिंती खरवडून पुन्हा लिंपाव्या. आणि इतके करूनही दोष उठला तरच घर पाडून त्याची माती गावाबाहेर टाकावी. सूचना, तपासणी, दुरुस्तीची संधी आणि अगदी अखेरीस पाडाव, असा हा क्रम आहे. आजच्या नगरपालिकांचे धोकादायक इमारतींविषयीचे नियम उघडून पाहा, बहुतेक हाच क्रम आढळेल. परंतु या क्रमातील पहिली पायरी विसरू नका: धन्याने होऊन कळवावे. धनीच नसेल तर पुढच्या सर्व पायऱ्या हवेत राहतात. माझे आजचे सांगणे इतकेच आहे.

आता अंथुर्ण्याकडे वळू. बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव आणि त्याच्या आसपासची गावे नीरा डाव्या कालव्याच्या मुलखातली आहेत. आपल्या जुन्या बोलीत शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणत. कालवा येण्यापूर्वी काळी कोरडवाहू होती, म्हणून माणसे पांढरीत दाटीने राहत आणि कामापुरती रानात जात. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, वालचंदनगर आणि भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. आणि उसाला रात्री-अपरात्री पाणी द्यावयाचे म्हणून कुटुंबे रानात वस्त्या करून राहू लागली. पुढे मुले शिकली, पुण्याला नोकरीस लागली. काळी बहरली, पांढरी मात्र घरामागून घर ओस होत गेली. हा कोणाचा अपराध नाही. भरभराटीचीच ही दुसरी बाजू आहे.

परंतु आपल्याकडच्या जुन्या घराची जात अशी की, ते बंद ठेवून चालत नाही. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळ्या आणि त्यांवर मातीचे माळवद. दर साली मृगापूर्वी कोणी तरी माळवदावर चढावे, उगवलेले गवत उपटावे, उंदरांची बिळे बुजवावी, नवी माती पसरून चोपावी, पन्हळी मोकळ्या कराव्या, तेव्हा ते घर पावसाळा काढते. दोन पावसाळे हे काम चुकले की पाणी तुळ्यांत उतरते. तुळई कुजून माळवद खाली येते. आणि माथा उघडा पडलेली भिंत वरून भिजत भिजत एके रात्री बसते. भिंत सामाईक असली तर शेजाऱ्याचे घरही तीच ओढून घेते. आत आड असेल, जुने धान्याचे पेव असेल, तर त्यावर गवत माजून तो खड्डा दिसेनासा होतो. साचलेल्या पाण्यात डास होतात. आडोशाला साप-विंचू राहतात. आणि जेथे एकाने केराची पाटी रिकामी केली तेथे दहा जण करतात.

धोका केवळ गावकऱ्यांना नाही. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी आषाढवारीत अंथुर्ण्यास मुक्काम करते. त्या एका रात्री हजारो वारकरी मिळेल त्या आडोशाला पाठ टेकतात, आणि तो काळ नेमका पावसाचा. परगावच्या पाहुण्याला कोणती भिंत कुजलेली आहे हे काय ठाऊक? गावाला ते ठाऊक असते, म्हणून त्याची जबाबदारीही गावावर येते. घराच्या धाब्याला कठडा बांधावा, म्हणजे वरून कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही, अशी आज्ञा अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. धाब्याची घरे असलेल्या आपल्या मुलखाला ती आज्ञा समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर कायदा काय करू शकतो? पहिला आधार ग्रामपंचायतीचा. सन १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीकडे जी कामे सोपविली, त्यांत केरकचऱ्याचे ढीग व माजलेले रान काढणे, वापरात नसलेल्या विहिरी, डबकी व खड्डे बुजविणे आणि रोगट जागा निरोगी करणे ही कामे आहेत. रस्त्यावर किंवा सार्वजनिक मोकळ्या जागेवर कोणी अडथळा केला, तर त्रेपन्नाव्या कलमाने तो काढण्याचाही अधिकार पंचायतीस आहे. पडलेल्या वाड्याचे दगडमातीचे ढिगारे बोळात आले असतील तर हे कलम पुरेसे आहे.

परंतु भिंत अद्याप उभी असेल आणि मालकाच्या हद्दीतच झुकलेली असेल, तर दुसरा आणि अधिक बळकट आधार फौजदारी कार्यपद्धतीचा. इंग्रजी अमदानीतील सन १८९८ च्या संहितेत तो एकशे तेहतिसाव्या कलमात होता. सन १९७३ च्या संहितेत त्याच क्रमांकाने राहिला. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो एकशे बावन्नावे कलम म्हणून आला आहे. एखादी इमारत किंवा झाड पडून शेजाऱ्यांना अथवा वाटसरूंना इजा होण्याचा संभव असेल, तर ती पाडावी, दुरुस्त करावी अथवा तिला टेकू द्यावा, आणि रस्त्यालगतच्या विहिरीला किंवा खड्ड्याला कुंपण घालावे, असा हुकूम दंडाधिकाऱ्यास करता येतो. मालकाने ते करावे किंवा हजर राहून आपले म्हणणे मांडावे. त्याने दोन्ही टाळले आणि हुकूम कायम झाला, तर सरकार स्वतः काम करवून खर्च त्याच्या मालमत्तेतून वसूल करू शकते. यासाठी मुंबईस खेटे घालावे लागत नाहीत. इंदापूर तालुका बारामतीच्या प्रांताधिकाऱ्यांच्या हद्दीत येतो.

हे कलम कागदावरच निजलेले आहे असेही कोणी समजू नये. मध्य प्रदेशातील रतलाम शहरी एका वस्तीतील रहिवासी उघड्या गटारांच्या घाणीने त्रासले आणि याच कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिकेने पैसा नसल्याची सबब सांगितली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सन १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की लोकांच्या आरोग्याचे मूलभूत कर्तव्य टाळण्यास द्रव्याभाव ही सबब होऊ शकत नाही. म्हणजे हे कलम सामान्य मालकावर चालते तसे खुद्द नगरपालिकेवरही चालते.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, कायदा इतका पुरेसा आहे तर पडकी घरे उरलीच कशी? याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मुंबईस जाऊन येऊ. सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सन १८९८ मध्ये रोगट वस्त्या पाडून शहर सुधारण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद झाले, हवा खेळू लागली. परंतु ज्या गरिबांच्या खोल्या पाडल्या, त्यांतील कित्येकांना दुसरी खोली परवडली नाही आणि ते शेजारच्या आधीच दाटलेल्या चाळीत शिरले. दाटी एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत गेली. पुढे सन १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला मोठा आसरा मिळाला, परंतु वर्षे लोटली तसे त्या भाड्यात चुनाही येईना, आणि मालकांनी दुरुस्ती सोडली. अखेर सन १९६९ मध्ये सरकारला स्वतंत्र कायदा करून, रहिवाशांकडून उपकर घेऊन, शहरातील एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे ओझे मंडळाच्या शिरावर घ्यावे लागले. इतके होऊनही जुलै २०१९ मध्ये डोंगरी भागातील केसरबाई इमारतीचा भाग कोसळून माणसे दगावली. पाडण्याचा अधिकार एकाकडे, राहण्याची गरज दुसऱ्याची, दुरुस्तीचा खर्च तिसऱ्यावर आणि जबाबदारी कोणावरच नाही, असे जेथे झाले तेथे कायद्याची पाने वाढूनही भिंती पडतच राहिल्या.

आपल्या मुलखातही याची छाया आहे. सन १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर साखर कारखान्यांची जादा जमीन सरकारने घेतली आणि ती कसण्यासाठी सन १९६३ मध्ये शेती महामंडळ निघाले. त्याचे मळे इंदापूर तालुक्यातही आहेत. मळ्यांच्या चाळीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, ते कामगार राहत्या घराची जागा आपल्या नावे व्हावी म्हणून वर्षानुवर्षे मागणी करीत आले आहेत. जे घर आपले नाही त्यावर पोटाला चिमटा घेऊन कोण पत्रे घालील? आणि ज्याचे ते आहे, तो धनी दूर असेल तर त्याला गळती कशी दिसेल?

गावठाणातील वाड्यांची गोष्ट याच्या उलट, पण परिणाम तोच. तेथे धनी नाही असे नाही. धनी फार आहेत. आजोबा वारले, वारसनोंद झाली नाही. चुलते वारले, त्यांचीही झाली नाही. आज पंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीत चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थाचे नाव आहे आणि त्यांचे वीस वारस वीस गावी आहेत. नोटीस कोणाला द्यावयाची? दिली तर प्रत्येक जण म्हणतो, मजकडे विसावा हिस्सा, मी एकट्याने का खर्च करावा? एकाने दुरुस्ती केली तर इतरांना वाटते, हा वाडा बळकावू पाहतो. म्हणून कोणीच हात लावीत नाही, आणि भावकीतील भांडणाचा निकाल पाऊस करतो.

हीच व्याधी जपानसारख्या सधन देशालाही जडली आहे. तेथे खेडोपाडी ओस पडलेली घरे इतकी वाढली, की सन २०१४ मध्ये त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला. धोकादायक ठरलेल्या ओस घराचा मालक सूचना देऊनही हलला नाही, तर घराच्या जागेवरील करात मिळणारी सवलत जाते आणि शेवटी सरकार घर पाडून खर्च वसूल करते. पण अनुभवाने त्यांना कळले की, खरी अडचण धनी सापडत नाही ही आहे. म्हणून एप्रिल २०२४ पासून वारसाने तीन वर्षांच्या आत आपली नोंद करणे तेथे सक्तीचे झाले. घर पाडण्याच्या कायद्यानंतर त्यांना नाव लावण्याचा कायदा करावा लागला, हे लक्षात घ्या.

आपल्या पुणे जिल्ह्यात यातले पहिले पाऊल पडले आहे. शेतजमिनीला सातबारा होता, परंतु गावठाणातील घरांना बहुतेक खेड्यांत तसा भक्कम दाखला नव्हता. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोनद्वारे गावठाणाच्या मोजणीचा प्रयोग झाला. आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू करून देशभर तशी मोजणी करण्याचे ठरविले. मोजणीनंतर घरमालकास मिळकत पत्रिका मिळते. ड्रोन मात्र भिंतीची हद्द दाखवितो. त्या भिंतीच्या आत कोणकोणाचा वाटा आहे हे घरच्यांनीच सांगावे लागते.

येथे आपल्या ख्रिस्ती कुटुंबांविषयी दोन शब्द. आपल्या वारशाला सन १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील, तर विधवेला तिसरा हिस्सा मिळतो आणि उरलेले दोन हिस्से मुलामुलींत सारखे वाटले जातात. मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही. वारसांची संख्या कमी व्हावी म्हणून बहिणींकडून घाईने हक्कसोडपत्रावर सह्या घेणे हा या दुखण्यावरचा उपाय नव्हे. तो दुसरा अन्याय आहे. एकत्र बसून वाटणीपत्र करावे, ज्याला घर ठेवावयाचे त्याने इतरांना त्यांचे मोल द्यावे, किंवा सर्वांनी मिळून ते विकावे. आणि ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी मृत्युपत्राचा विषय अशुभ मानू नये. मागे भांडण न ठेवणे हीदेखील लेकरांसाठी ठेवलेली इस्टेटच आहे.

कायद्याच्या दुसऱ्या बाजूचीही सावधगिरी बाळगली पाहिजे. पडक्या घराचा धनी नेहमी आळशी किंवा हट्टी नसतो. कधी ती एकटी म्हातारी असते. माळवद उतरले तरी एका खणात पत्रा टाकून ती राहते. तिला नोटीस पाठवून तिचे घर पाडले, तर गाव स्वच्छ दिसेल, पण ते पुण्य कोणते? आणि अधिकाराचा दुरुपयोगही होतो. नको असलेल्या माणसाचे घर तेवढे धोकादायक दिसू लागते. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देऊन बजावले, की सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणासारखे अपवाद सोडता, पंधरा दिवसांची कारणे दाखवा नोटीस दिल्यावाचून आणि मालकाचे म्हणणे ऐकल्यावाचून कोणाचे बांधकाम पाडू नये. रोगट घरालाही सात दिवसांची मुदत आणि नव्या गिलाव्याची संधी देणारा लेवीय पुस्तकातील नियम याच न्यायबुद्धीचा होता. पोप तेरावे लिओ यांनी सन १८९१ च्या आपल्या सुप्रसिद्ध परिपत्रात खासगी मालकीचा हक्क ठामपणे मांडला, आणि त्याबरोबरच संत थॉमस अक्वायनास यांच्या आधारे असेही शिकविले की, मालकी आपली असली तरी वस्तूचा वापर सर्वांच्या गरजेकडे पाहून करावा. भिंत माझी आहे. पण ती ज्या बोळावर पडेल तो बोळ सर्वांचा आहे.

तेव्हा करावे काय? मोठ्या योजना सांगून मी आपला वेळ घेणार नाही. ज्युबिलीच्या या वर्षी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराचा नमुना आठचा उतारा काढून पाहावा, आणि त्यावर मृताचे नाव असेल तर वारसनोंदीचा अर्ज द्यावा. पुणे-मुंबईस गेलेल्या भावंडांना पत्र घालावे, फोन करावा; नाताळास सारे एकत्र येतात तेव्हा जेवणानंतरचा एक तास या कामास द्यावा. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेला आपण सर्वांनी, स्त्रियांनी सुद्धा, जावे आणि गावातील धोक्याच्या भिंती, उघडे आड, उघडी पेवे यांची यादी मृगापूर्वी आणि वारीपूर्वी करण्याची मागणी ठरावाने करावी. यादीत जे धनी सधन असून ढिम्म आहेत त्यांच्यासाठी पंचायत आणि प्रांताधिकारी आहेत. तेथे संकोच नको. ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी आपण आहोत. गवंडी, सुतार, ट्रॅक्टरवाले आपल्यातही आहेत. दोन दिवसांच्या श्रमदानात एखाद्या विधवेची भिंत उतरविता येते किंवा तिला टेकू देता येतो, आणि हे करताना ती कोणत्या धर्माची, कोणत्या आळीची हे विचारण्याचे कारण नाही. पडणारी भिंत ते विचारीत नाही.

संत गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, आणि त्यांच्या नावाने सन २००० च्या सुमारास महाराष्ट्रात ग्रामस्वच्छतेचे अभियान निघाले. खराट्याने रस्ता स्वच्छ होतो. परंतु बंद दारामागचा उकिरडा निघण्यासाठी त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे हे आधी ठरावे लागते. ती किल्ली आपल्यापैकी कित्येकांच्या घरी खुंटीला गंजत पडली असेल. ती काढा, भावंडांना बोलवा, आणि या पावसाळ्यापूर्वी ते दार एकदा उघडा. कायदा आपल्या मागे उभा आहे; पण पुढे होऊन हे घर माझे, याची काळजी माझी, असे म्हणण्याचे काम तो आपल्यासाठी करू शकत नाही.

परमेश्वर आपली घरे आणि आपल्या शेजाऱ्यांची घरे सुरक्षित राखो.